पाचगावच्या लढाईत आमचं कोण होतं

अमरावती
चैत्र वद्य पंचमी, शके १७८६ (सन १८६४)

निंबखेडचे पाटील नत्थुजी अढाऊ यांना जानराव अढाऊचा रामराम पोचावा.

नाव वाचून कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या. आपण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण तुमचे आजोबा रायाजी आणि माझे आजोबा मानकोजी सख्खे भाऊ होते, हे काही आता तुम्हाला किंवा मला पुसता येत नाही.

कामाचं सांगतो. माझे वडील महादेवराव यंदा ऐंशी वर्षांचे झाले. जेवण सुटत चाललं आहे. वैद्यबुवा म्हणतात, दिवाळी दिसली तर नशीब. त्यांना विचारलं, मनात काय आहे? काशी म्हणाले नाहीत, रामटेक म्हणाले नाहीत. म्हणाले, निंबखेडचा पोळा पाहायचा आहे. त्यांचा जन्म निंबखेडबाहेरचा. मानकोजींनी गाव सोडताना पोराबाळांना शपथ घातली होती, की पोळ्याच्या तोरणाखालून आपली जोडी आधी जाईल, तेव्हाच वेशीत पाय ठेवायचा. वडील मूर्तिजापूरच्या बाजाराला जात, तुमच्या वेशीवरची चिंच दुरून पाहत आणि परत फिरत. असं त्यांनी जन्मभर केलं.

तेव्हा यंदाच्या पोळ्याला मानाची जोडी आमची असू द्या. एकच वर्ष.

हक्काचंही बोलतो. नव्वद वर्षांखाली नागपूरच्या गादीसाठी मुधोजी आणि साबाजी हे भोसले भाऊ एकमेकांवर उठले. पाचगावला लढाई झाली, साबाजी पडले, मुधोजी जिंकले. आपले आजोबाही त्या वेळी समोरासमोरच्या फौजांत होते. आमच्या घरात सांगतात, मानकोजी मुधोजींकडून लढले. म्हणजे जिंकलेला आमचा, आणि मान तुमच्या दारात. हे कसं?

इतक्या वर्षांनी हे भूत कुठून उठलं म्हणाल, तर कापसातून. अमेरिका नावाच्या मुलखात सध्या भाऊ भाऊ लढताहेत, तिथला कापूस बंद झाला आणि विलायतेचे लोक आपल्या वऱ्हाडच्या कापसामागे लागले. माझा तोच धंदा. रोज बाजारात तिथल्या भाऊबंदकीच्या गोष्टी ऐकतो आणि मला आपली आठवते.

उत्तर धाडावे.

जानराव

निंबखेड
वैशाख शुद्ध द्वितीया

जानराव अढाऊ, अमरावती. नत्थुजी पाटील सांगते अन् वामनराव कुळकर्णी लिहिते.

तुमचं पत्र पोचलं. वामनरावनं दोनदा वाचून दाखवलं. एकदा मले, अन् एकदा माह्या बायकोले, मैनाबाईले. तिले खरंच वाटेना का अमरावतीचे अढाऊ मान मागून राह्यले म्हणून.

मान म्हणजे का वांग्याचं भरीत आहे, शेजाऱ्यानं वाटी धाडली का द्याचं? पाचगावले रायाजी बुढा मुधोजीकडून लढला. त्याची तलवार आमच्या देवघरात आहे. दर दसऱ्याले तिले हळदकुंकू होते, अन् तिच्यापुढं डोकं टेकवल्याबिगर घरातलं पोट्टं सोनं वाटाले बाहेर पडत नाही. तुमचा मानकोजी साबाजीकडून होता. हारला अन् लाजेनं गाव सोडून गेला. आता तुमीच सांगा, हारलेल्याची जोडी आधी अन् जिंकलेल्याची मांगून, असा पोळा कोण्या गावात असते?

बुढ्याचं ऐकून वाईट वाटलं. त्यायले म्हणा खुशाल या. बाज टाकून देतो, दूध देतो, पुरणाची पोळी देतो. जोडी आमचीच आधी.

अन् ऐकलं का तुमी गाडीच्या चाकाले लोखंडाच्या जागी चांदीच्या धावा बसवल्या. आमच्या गावचा चिखल लय चिवट आहे. धावा काढून या.

(पाटलांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं आहे. मी पदरचं काही घातलं नाही. दोन शिव्या तेवढ्या गाळल्या. वामनराव.)

अमरावती
वैशाख वद्य दशमी

नत्थुजी पाटलांना रामराम.

गाळलेल्या दोन्ही शिव्या पोचल्या. कोणत्या असतील तेही समजलं, कारण आमच्या घरात त्याच चालतात.

तुम्ही तलवार दाखवता, तर मीही हात बांधून बसलो नाही. भाट बोलावला. घराण्याघराण्यांच्या वंशावळी वहीत घेऊन गावोगाव फिरतात, त्यांतला. त्याने ओट्यावर बैठक मारली, वही उघडली आणि एका सुरात अढाऊंच्या अकरा पिढ्या म्हणून दाखवल्या. मानकोजी मुधोजींकडूनच होते, पाचगावला हत्तीवर बसून लढले आणि हत्तीचं नाव गुलाबगज. हत्तीबद्दल मला जरा शंका आहे. आपल्या घराण्यात म्हशीहून मोठ्या जनावरावर कोणी बसल्याचं ऐकिवात नाही. पण बाकीचं खरं असावं. त्याला पागोटं दिलं.

वडिलांनी हे सगळं उशीला टेकून ऐकलं आणि त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त खाल्ली. मला खोटं बोलायची सवय आहे, धंदाच तसा आहे. पण त्यांना ती अर्धी भाकरी खाताना पाहून मी उठून ओट्यावर गेलो. हे खरं निघालं नाही, तर त्यांना सांगणार कोण?

म्हणून असं करू. पोळ्यापर्यंत आपण दोघांनी पुरावा शोधायचा. ज्याचा आजोबा मुधोजींकडून लढला असं ठरेल, त्याची जोडी आधी. मी हरलो तर वडिलांना माझ्या तोंडानं सांगेन आणि पुन्हा तुम्हाला पत्र घालणार नाही.

जानराव

निंबखेड
ज्येष्ठ शुद्ध अष्टमी

जानरावले नत्थुजीचा रामराम.

पैज कबूल.

तुमचा भाट परवाच्या दिवशी अठी आलता. तीच वही, तोच सूर. त्यानं मले सांगतलं का रायाजी बुढा मुधोजीकडून हत्तीवर बसून लढला. मी म्हटलं, हत्तीचं नाव काय? म्हणे, गुलाबगज. म्हणजे तुमचा अन् माहा आजा एकाच हत्तीवर बसून एकमेकाच्या विरुद्ध लढून राह्यले, असा अर्थ झाला. माह्याकडून तो धोतरजोडी घेऊन गेला, अन् हे सगळं मले तुमचं पत्र पुन्हा वाचून घेतल्यावर ध्यानात आलं. हा भाट कटला. दुसरा पुरावा पाहा.

माह्याकडे तलवार आहे. तिच्यावर नव्वद वर्षांचा हळदकुंकवाचा थर बसला आहे. खाली मुधोजीचा ठसा असन. वामनरावच्या हातानं अकोल्याच्या लोहाराकडे साफ कराले धाडून राह्यलो. ठसा निंगाला का तुमाले कळवतो. तवापर्यंत बुढ्याले फार आस लावू नका.

(एक शिवी गाळली. भाटाला होती. वामनराव.)

अमरावती
ज्येष्ठ वद्य एकादशी

नत्थुजी पाटलांना रामराम.

तलवारीवर ठसा निघाला का? पंधरा दिवस झाले. अकोला काही काशीला नाही.

वडील रोज विचारतात, निंबखेडचं काय झालं. मी म्हणतो, शोध चालू आहे. काल ते आपणहून एक गोष्ट बोलले. रायाजी आणि मानकोजी यांना एक बहीण होती, जयवंता. चांदूर बाजारला दिली होती. मानकोजी गाव सोडून आले तरी बहिणीचं नाव निघालं की उठून बाहेर जात, असं वडिलांना आठवतं. भांडण भावाशी आणि टाळाटाळ बहिणीची, हे मला चमत्कारिक वाटलं. तिचं घर अजून आहे म्हणतात. पेरणी उरकली की तिकडे जाणार आहे. माहेरच्या गोष्टी बायकांच्या लक्षात पक्क्या राहतात.

जानराव

निंबखेड
आषाढ शुद्ध सप्तमी

जानरावले रामराम.

पाऊसपाणी बरं आहे. सरकी उगवली. मैनाबाईचे गुडघे दुखतात. जोडीले यंदा नवी झूल शिवाले टाकली.

तलवारीचा विषय सध्या राहू दे. लोहार अडाणी आहे.

चांदूर बाजारच्या घराचं बरं आठवलं. मीबी तिकडे जाईन म्हणतो. तुह्या आधी नाही गेलो तं नंतर जाईन.

(जानराव, हे पाटलांना न दाखवता खाली लिहितो. खोटं लिहिणार नाही अशी आमच्या घराण्याची शपथ आहे, आणि न लिहिणं हेही मला खोट्यासारखंच वाटतं. लोहारानं थर खरवडून पाहिला आणि हसत सुटला. ती तलवार नाही. वखराची पास आहे, वावरातलं गवत कापायची लोखंडी पट्टी. कोणीतरी ठोकून लांब केली आणि एका टोकाला मूठ बसवली. पाटील आठ दिवस जेवताना कोणाकडे पाहत नव्हते. मैनाबाईंनी ती पास पुन्हा देवघरात ठेवली. म्हणाल्या, तीन पिढ्या पुजली, आता मोडीत काढू का? वामनराव.)

अमरावती
श्रावण शुद्ध चतुर्थी

नत्थुजीदादांना साष्टांग नमस्कार.

महिनाभर पत्र घातलं नाही, क्षमा करा. चांदूर बाजारला जाऊन आलो. जयवंताबाईंच्या नातसून आहेत, माणिकबाई. साठ-पासष्टच्या असतील. घरी भाजीपाल्याचा मळा आहे. त्यांना कानानं जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे काही विशेष कळलं नाही.

दादा, मी विचार केला. मान हा काय मागून घ्यायचा असतो? तुमच्या दारात आहे, तुमच्याच दारात राहू द्या. कोण कोणाकडून लढलं हे उकरून कोणाचं भलं झालं आहे? पैज मी सोडतो. आणखी शोध करू नका. चांदूर बाजारला तर मुळीच जाऊ नका, रस्ता फार खराब आहे.

वडिलांना अजून काही बोललो नाही. ते रोज विचारतात. मी रोज बाहेर जातो.

जानराव

निंबखेड
श्रावण शुद्ध एकादशी

चिरंजीव जानरावले नत्थुजीचा आशीर्वाद.

तुहं पत्र वाचून वामनराव म्हणे, पाटील, अमरावतीचा माणूस फुकट काही सोडत नसते, यात काही तरी आहे. मी म्हटलं, वामनराव, वाईट इचार करू नोका.

मीबी चांदूर बाजारले जाऊन आलो. तुह्या मांगून चार दिवसांनी. मलेबी काही कळलं नाही. पण माणिकवहिनीचे कान तं मले बरे दिसले. मी अंगणात हळूच खाकरलो तं ती मळ्यातून बोलली का कोण आलं रे म्हणून.

मीबी इचार केला. बुढा ऐंशी वर्षांचा. आपुन मान काय वर घेऊन जाणार आहो? यंदा तुमचीच जोडी आधी जाऊ दे. यंदाच काहून, दर साल जाऊ दे. माह्या मनात काही नाही. फक्त कोणी इचारलं का पाचगावले काय झालं, तं तू काही बोलू नको, मीबी बोलत नाही.

जानराव, एक सांग. ती मले पेव दाखवत होती. तुलेबी दाखवलं का?

(मी यात काय लिहून राहिलो ते मला कळत नाही. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा, एवढंच मला माहीत आहे. वामनराव.)

अमरावती
श्रावण वद्य द्वितीया

दादा,

दाखवलं. आता लपवण्यात काही राह्यलं नाही. पुण्याची भाषाबी या गोष्टीले पुरत नाही, म्हणून आपल्या बोलीत लिहितो. वामनरावले म्हणा, हे पत्र दार लावून वाचा.

दोन्ही फौजा वऱ्हाडातून जात होत्या अन् पाटलांच्या घरून माणूस मागत होत्या. आपल्या पणज्यानं डोकं लढवलं. एक पोरगा मुधोजीकडे, एक साबाजीकडे. कोणीबी जिंको, पाटिलकी घरातच राहीन. दोघांले ओवाळलं, वाजतगाजत वेशीपर्यंत नेलं अन् कोण कोणाकडे ते गावाले न सांगता दोन वाटांनी सोडलं.

तुमचा रायाजी बुढा सरळ चांदूर बाजारले बहिणीकडे गेला. जयवंतानं त्याले अंगणातल्या रिकाम्या पेवात उतरवलं अन् तोंडावर टोपलं ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा मानकोजी आला. त्यालेबी लढाईले जाचं नव्हतं. जयवंतानं टोपलं उचललं अन् त्यालेबी त्याच पेवात सोडलं. तो पडला थोरल्याच्या पाठीवर. खालचा बोंबलला, मेलो, साबाजीचा माणूस आला. वरचा बोंबलला, मुधोजीचा माणूस आहे आत. अंधारात दोघांनी एकमेकाले चांगलं बडवलं. जयवंतानं वरून पाण्याची घागर ओतली तवा दोघांनी एकमेकाचा आवाज ओळखला. अढाऊंची लढाई झाली ती एवढीच.

नऊ दिवस दोघं आत होते. ती दोरीनं दोन भाकरी सोडे. अजूनबी पौषात त्या घरी रिकाम्या पेवात दोन भाकरी सोडतात. वहिनीच्या सुनांले वाटते, तो जमिनीचा निवद आहे.

पाचगावची लढाई आटोपली. बहीण म्हणे, निंगा वर. तं कोणी निंगेना. वर शिपाई उभा असला तं? रायाजी म्हणे, तू धाकटा, चपळ आहेस, तू आधी. मानकोजी म्हणे, तू थोरला, तुहा मान, तू आधी. तीन दिवस हेच चाललं. शेवटी जयवंतानं निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या अन् धुपाटणं आत सोडलं. दोघं एकदम उसळले अन् पेवाच्या तोंडात खांद्याले खांदा लागून अडकले. तिनं अन् तिच्या नवऱ्यानं काखेत हात घालून ओढून काढले.

पुढचं वाईट आहे. दोघं निंबखेडले आले. गाव जमलं. रायाजीनं आधी तोंड उघडलं, म्हणे मी मुधोजीकडून लढलो. मंग मानकोजीपाशी काय उरलं? साबाजी. गावानं एकाले हार घातला अन् पोळ्याचा मान देला, दुसऱ्याकडे पाहून लोक थुंकले. खरं सांगावं तं स्वतःचंबी उघडं पडते. तो ते गिळून गेला अन् गाव सोडलं. मंग नव्या गावात त्यानंबी मुधोजीच सांगतले. जयवंतेले दोघांनी शपथ घातली होती, म्हणून ती आपल्या नातसुनेखेरीज कोणाले बोलली नाही.

दादा, नव्वद वर्षं आपल्या घरांनी भांडण केलं का आधी कोण. अन् ज्यांचं भांडण, ते पेवात तीन दिवस एकमेकाले म्हणून राह्यले होते, तू आधी.

काल मी वडिलांले सांगतलं. तोंडात घास होता त्यांच्या. मले वाटलं, हा घास आता शेवटचा. मंग त्यांचं पोट हालाले लागलं. हासता हासता ठसका लागला, मी पाठ चोळली, तं पाहतो, रडून राह्यले. म्हणाले, "माहा बाप जनमभर रागात जगला. मले वाटे हारल्याचा राग आहे. तो तं सांगता न आल्याचा राग होता रे." मंग म्हणाले, "पाचगावले गेला असता तं तिकडेच मेला असता. मंग मी कुठून आलो असतो, अन् तू कुठून?"

मी म्हटलं, शपथेचं काय? म्हणाले, "लढाईच झाली नाही तं शपथ कायची? मान त्यायले राहू दे. मले पोळ्याले ने. रायाजीच्या नातवाचं तोंड पाहू दे मले."

आता तुमी हो म्हणा का नाही म्हणा.

जानराव

निंबखेड
श्रावण वद्य नवमी

जानराव,

वामनरावनं दार लावून वाचलं. तो रडला. मी नाही रडलो. मैनाबाई म्हणते मीबी रडलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमी बैलाच्या खांद्याले तूप-हळद चोळतो अन् कानात सांगतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तेच आवतन काकाले माह्याकडून सांग. कानात सांग. ऐकू येत नसन तं मोठ्यानं सांग.

धावा काढू नको. चिखल आमी पाहून घेऊ.

नत्थुजी

निंबखेड
भाद्रपद शुद्ध तृतीया

चांदूर बाजारच्या माणिकवहिनीले नत्थुजी अन् जानराव दोघांचा नमस्कार.

(दोघं एका बाजेवर बसून एकाच वेळी बोलत आहेत. जमेल तसं लिहितो. 'काका' म्हणतात ते पाटील, 'दादा' आणि 'वडील' म्हणतो तो जानराव. वामनराव.)

वहिनी, तुह्या गुडघ्यानं तुले पोळ्याले येऊ देलं नाही, म्हणून सगळं लिहून धाडतो. गाडी वेशीपाशी आली तवा काकानं थांबवली. खाली उतरले. चिंचेले हात लावला, मंग पाय आत टाकला. मी पाया पडलो तं त्यायनं माह्या तोंडाले दोन्ही हातांनी धरलं अन् लय वेळ पाहत राह्यले. म्हणे, नाक तं आमचंच आहे.

दुपारी सगळं गाव बैल सजवून तोरणापाशी जमलं. नत्थुदादाची जोडी एका अंगाले, माही एका अंगाले. दादा म्हणाले, जानराव, तू आधी. मी म्हटलं, दादा, तुमी थोरल्या घरचे, तुमी आधी. दादा म्हणाले, तू पाहुणा, तू आधी.

(हे बराच वेळ चाललं. बैलांनी दोनदा शेण टाकलं. वामनराव.)

मांगच्या जोडीवाला शेषराव ओरडला, पाटील, अडलं काहून? दर साली तं पयले पळता. मंग मी नत्थुजीनं तोरणाखाली उभा राहून सगळ्या गावापुढं सांगून टाकलं. आमचा रायाजी पाचगावले गेलाच नव्हता. पेवात होता. मानकोजीबी. देवघरातली तलवार वखराची पास आहे. आता ज्याले मान काढून घ्याचा असन त्यानं घ्या.

वहिनी, मले वाटलं गेली पाटिलकी. तं म्हातारा देवीदास काठी टेकत पुढं आला अन् म्हणे, "पाटील, आता निंगालंच आहे तं सांगतो. आमचा आजा कडब्याच्या गंजीत होता." शेषराव म्हणे, "आमचा विहिरीत उतरला होता, सर्दी झाली त्याले." मंग कोण मळ्यातल्या माचीखाली, कोण बायकोचं लुगडं नेसून चुलीपाशी. सारे एकापाठी एक बोलाले लागले. केशवराव, ज्याच्या घरी पाचगावच्या जखमेचा पोवाडा गातात, तो सगळ्यात शेवटी बोलला. म्हणे, ती जखम गाईच्या शिंगाची होती.

(मी विचारलं, मग निंबखेडातून पाचगावला गेलं कोण? कोणी हात वर केला नाही. माझ्या पणज्याचं मला ठाऊक नाही आणि मी शोधणार नाही. वामनराव.)

सारं गाव हासून राह्यलं, अन् आधी कोण जाणार ते राह्यलंच. तवा वडील बाजेवरून उठले. कोणाले हात लावू देला नाही. एका हाती दादाच्या बैलाचा कासरा घेतला, एका हाती माह्या बैलाचा, अन् दोन्ही जोड्यांच्या मधून स्वतःच तोरणाखालून गेले. तोरण अरुंद, जोड्या दोन. खांब मोडला, आंब्याची पानं सगळ्यांच्या डोक्यावर आली. पलीकडे जाऊन ते मातीत बसले. मी धावलो. म्हणाले, "माह्या बापानं हे पाहाले पाह्यजे होतं." मंग मले अन् दादाले दोन्ही बाजूंनी धरून उठले अन् म्हणाले, भूक लागली.

पुरणाच्या तीन पोळ्या खाल्ल्या वहिनी. मैनाबाई मोजत होती.

वैद्यबुवा काय म्हणायचं ते म्हणोत. जानरावची गाडी दोन दिवसांपासून जुपून उभी आहे, बैल कंटाळले, अन् काका वसरीतून हालाले तयार नाहीत. म्हणतात, "ऐंशी वर्षं बाहेर राह्यलो. आता मले या गावातून कोण काढते ते पाहू दे."

जानराव उद्या एकटाच निंगते. काकाची धोतरं अन् तंबाखूची पिशवी पुढच्या बाजाराले धाडणार आहे.